बिनमुठीची छत्री

मित्रांनो, मी एक जुनी, काळी छत्री आहे. न्यूझीलंडमधल्या पोरिरुआ गावातल्या एका घरात दाराशेजारच्या खुंटीला मला दोरीने टांगलेलं असतं. छत्री मुठीने टांगतात, हे मलाही ठाऊक आहे. पण मला आता मूठच नाही. ती कुठे गेली, तेच सांगायचं आहे. मधे कुणी "अय्या, छत्री बोलते!" म्हणून हसू नका. चाळीस वर्षं दुसऱ्यांचं ऐकून घेतलंय, आता जरा मला बोलू द्या.

माझा जन्म पुण्याचा. गुरुनाथ नावाच्या कारागिराने मला आठ काड्या बसवल्या, जाड कापड चढवलं आणि वेत वाफेवर वाकवून माझी मूठ केली. मला विकत घेतलं शशिकांतरावांनी. ते हवामान खात्यात कारकून होते. भर एप्रिलात त्यांना मुलगी झाली आणि तिला दवाखान्यातून घरी आणताना ऊन लागू नये म्हणून मी पहिल्यांदा उघडली गेले. ती मुलगी म्हणजे कौमुदी.

शशिकांतराव मला घेऊन बाहेर पडले की त्यांच्या पत्नी सुलभाताई वाळत घातलेले कपडे काढायला धावायच्या, एवढा आमच्या जोडीवर विश्वास! आणि शशिकांतरावांची एक सवय होती. चुकून पाय लागला, तर ते वाकायचे, मला बोटं लावायचे आणि हात छातीशी न्यायचे. खंडेनवमीला विळी, पक्कड आणि मी अशा तिघींना पाटावर बसवून हळदकुंकू वाहायचे. लहानगी कौमुदी खिदळायची.

"बाबा, छत्रीला काय कळतं हो?"

"तिला कळो न कळो," ते म्हणायचे, "आपल्याला कळतं ना? तेवढं पुरे."

कौमुदी शिकली, औषधांची जाणकार झाली, लग्न करून सुयशबरोबर न्यूझीलंडला आली. पुढे सगळं जग दारं लावून बसलं, त्या काळात शशिकांतराव गेले. इथून निघालं तर परत कधी येऊ देतील याची खात्री नव्हती, आणि लेक सानिका जेमतेम पाच वर्षांची. कौमुदीने बापाचे अंत्यसंस्कार फोनवर पाहिले. मधेच चित्र अडकलं. परत सुरू झालं तेव्हा माणसं घराकडे वळली होती. तिला शेवटचा नमस्कारसुद्धा करता आला नाही. त्या दिवशी ती रडली नाही, आणि नंतरही नाही.

वर्षभराने ती पुण्याला आली तेव्हा सुलभाताईंनी मला तिच्या हातात दिलं. "त्यांचा हात हिच्यावरून कधी निघाला नाही गं," एवढंच म्हणाल्या. ऑकलंडच्या विमानतळावर माझी मूठ तपासली, निरोगी ठरवली आणि मी पोरिरुआत दाखल झाले.

इथला वारा म्हणजे काय विचारता! स्टेशनातल्या कचरापेट्यांत डोकं खाली, पाय वर करून पडलेल्या कितीतरी छत्र्या मी पाहिल्या. पहिल्याच आठवड्यात वाऱ्याने मला उलटं केलं आणि माझ्या दोन काड्या वाकल्या. "वाटलंच होतं," कौमुदी म्हणाली, आणि मला गॅरेजात गवत कापायच्या यंत्रामागे टाकून गेली.

संध्याकाळी येईल, असं मला वाटलं. आली नाही. चार वर्षं आली नाही. सानिकाने कधी आजोबांचं विचारलं तर "आधी जेवून घे" म्हणायची. खोटं कशाला बोलू, मला फार राग आला. औषधांच्या दुकानात आलेल्या परक्या माणसाची चौकशी करते आणि घरच्याचं नाव काढत नाही, ही कसली रीत! त्याच काळात माझ्या मुठीत किडा शिरला. आतून कुरकुर चालायची आणि पिठासारखा भुसा गळायचा. सांगणार कुणाला?

मला शोधलं सानिकाने. पोहायचे टॉग्ज, म्हणजे कपडे, शोधताना मी तिच्या हाती लागले आणि ती किंचाळली, "आई! कासा-ओबाके!"

तिला त्या दिवसांत जपानी भुतांचं वेड लागलं होतं. एक डोळा, एक पाय आणि लांब जीभ असलेलं छत्रीचं भूत असतं म्हणे. तिकडे सांगतात की वस्तू शंभर वर्षं वापरली की तिच्यात जीव येतो, आणि अशा वस्तूला टाकून दिलं तर ती रुसून आपल्या माणसाला शोधत निघते. मी मनात म्हटलं, शंभर कशाला, माझं चाळिशीतच सगळं झालंय.

सानिकाच्या दहाव्या वाढदिवसाला जपानला जायचं ठरलेलंच होतं. सुयशला रजा मिळाली नाही, म्हणून मायलेकीच निघाल्या.

"शी'ज कमिंग टू," सानिकाने जाहीर केलं.

"मोडकी छत्री घेऊन कुणी परदेशात जातं का?" कौमुदी म्हणाली. पण बॅग भरताना मला बाजूला काढायला तिचा हात धजला नाही.

सानिका भुतं शोधत हिंडली. पुलाखाली, देवळांमागे, विहिरींपाशी. एका डोंगराळ गावात हारुए नावाच्या आजीबाई छत्र्या करायच्या, त्यांच्याकडे आम्ही गेलो. फोनमधून भाषांतर करून बोलणं चाललं होतं. मला हात लावण्याआधी त्या माझ्यापुढे वाकल्या. काड्या सरळ करताना त्यांचा गुडघा मला लागला, तर त्यांनी माझी, छत्रीची, माफी मागितली. कौमुदीचा हात आपोआप छातीकडे गेला. मग तिने उगीच पर्सचा पट्टा नीट केला.

"हिच्यात भूत आहे का?" सानिकाने विचारलं.

"शंभर झाली नाहीत, भूत कुठलं!" हारुए हसल्या. मग मुठीखाली त्यांनी तळहात धरला. त्यावर भुसा पडला. "काड्यांचं काम माझं होतं, ते केलं. ही मूठ कुणाच्या तरी हाताने झिजली आहे. तिचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. पण लवकर."

परतीच्या प्रवासात कौमुदी मला मांडीवर घेऊन बसली. "तुझे आजोबा ना," तिने सुरुवात केली. सानिका वाट पाहत राहिली. पुढचं आलं नाही.

ऑकलंडला उतरल्यावर लाकूड, वेत असं काही आणलंय का, हे सांगावं लागतं. कौमुदीने खरं तेच लिहिलं. तपासणीच्या टेबलापाशी अरोहा नावाची बाई होती. "किआ ओरा," असा माओरी नमस्कार करत तिने मला घेतलं, मूठ ठोकली आणि त्यातून भुशाबरोबर एक जिवंत अळी पडली.

"सॉरी, ही आत नेता येणार नाही," अरोहा इंग्रजीत म्हणाली. "किडा मारायला मूठ तापवली तर फुटेल, इतकी पोकळ झालीय. मूठ काढून दिलीत तर बाकीची छत्री नेता येईल. मुठीचा मात्र नाश करावा लागेल."

"चालेल, घ्या," कौमुदी झटकन म्हणाली. "जुनीच छत्री आहे."

"कुणाची?"

"माझ्या बाबांची."

"ते आलेत का तुम्हांला न्यायला?"

अरोहाने सहजच विचारलं होतं. कौमुदीने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "नाही. ते गेले. मला जाता आलं नाही."

अरोहाने मला उचललं आणि परत कौमुदीच्या हातात दिलं. मागच्या माणसांना तिने दुसऱ्या टेबलाकडे जायला सांगितलं. "सावकाश," ती म्हणाली. "घाई नाही."

माझ्या मुठीवर शशिकांतरावांच्या अंगठ्याने एक खळगा पडला होता. कौमुदीचा अंगठा त्यात बसला. आणि मग त्या ट्रॉल्यांच्या गर्दीत ती मोठ्याने रडली. चार-पाच वर्षांचं सगळं रडली. "बाबा, मला यायचं होतं हो. खरंच यायचं होतं मला."

तिने मुठीला बोटं लावली आणि हात छातीशी नेला. आईचं पाहून सानिकानेही तसंच केलं. अरोहाने मूठ फिरवून काढली आणि दोन्ही हातांनी पिशवीत ठेवली.

मला दुखलं का? हो, दुखलं. तो हात आठवायला माझ्यापाशी तेवढीच जागा होती. पण माझा राग त्या टेबलावरच राहिला, तो घरी आला नाही.

आता कौमुदी जेवताना आजोबांच्या गोष्टी सांगते आणि सानिका हीप्स, म्हणजे ढीगभर, प्रश्न विचारते. यंदा खंडेनवमीला पाटावर औषधाच्या गोळ्या मोजायचा ताट-चमचा, सानिकाचं सायकलचं हेल्मेट आणि मी होते. झेंडू नव्हता, म्हणून अंगणातली कोफाईची पिवळी फुलं वाहिली.

परवा मी खुंटीवरून पडले. सानिका मैत्रिणीबरोबर खेळायला पळत निघाली होती, तिचा बूट मला लागला. ती थांबली, वाकली, मला बोटं लावली आणि हात छातीशी नेला. मैत्रीण चक्रावली. छत्रीला इथे ब्रॉली म्हणतात. "इट्स अ ब्रॉली! इट डझन्ट नो!"

"नो," सानिका म्हणाली. "बट आय डू."

शशिकांतराव, ऐकलंत का?

मित्रांनो, मला शंभर व्हायला अजून साठ वर्षं आहेत. तोवर मी टिकेन की नाही, सांगता येत नाही. पण तुमच्या घरातही एखाद्या कोपऱ्यात कुणाच्या तरी हाताने झिजलेली एखादी वस्तू पडली असेल. तिच्याकडे बघवत नाही म्हणूनच ती तिथे पडली असेल, हेही मला माहीत आहे. तरी एकदा जा, तिला हातात घ्या आणि ज्याची होती त्याचं नाव मोठ्याने घ्या. किडा लागायच्या आधी घ्या.