थेंबाआधीची फुंकर

मित्रांनो, मी एक जुनी बाटली आहे, डोळ्यांत घालायच्या थेंबांची. जुनी म्हणजे अवघ्या पाच महिन्यांची. हसू नका. आमच्या कुळात एकदा झाकण उघडलं की अठ्ठावीस दिवसांत आयुष्य संपतं. त्या मानाने मी आता पणजी झाले आहे, आणि पणजीला नाक मुरडायचा हक्क असतो. मी तो भरपूर वापरणार आहे.

माझा जन्म झाला तिथे धूळसुद्धा पाय पुसून येत असावी. पांढरे कपडे, पांढरे हातमोजे, हवाही गाळून घेतलेली. माणसाचा उघडा हात कसा असतो, हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या पोटात नव्या तऱ्हेचं औषध भरलं. साधा थेंब डोळ्याच्या पुढच्या अंगणातच रेंगाळतो. आसवं त्याला ढकलून नाकात नेतात, नाकातून तो घशात जातो, आणि संपलं. माझ्या थेंबाला मात्र मागच्या दारी जायचं होतं. डोळ्याच्या पार मागे एक नाजूक पडदा असतो, दिसणं तिथे उमटतं. तिथवर पोचायचं म्हणून औषधाचा एकेक कण साखरेच्या इवल्याशा डोलीत बसवला होता. डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीच्या कडेकडेने, पाझरत पाझरत, झिरपत झिरपत निघायचं. निघणाऱ्या डोल्या पुष्कळ, पोचणाऱ्या मोजक्या. म्हणून तर माझा एकेक थेंब लाखमोलाचा.

आणि अशी मी कुठे येऊन पडले? जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, लासेम गावात, वितळलेल्या मेणाच्या धुरात.

म्बाह वागीयेम बातिकचं कापड करते. म्बाह म्हणजे आजी. साऱ्या गल्लीची ती आजीच. कापडावर गरम मेणाने नक्षी काढायची, मग ते रंगात बुडवायचं, मेण असेल तिथे रंग चढत नाही. पन्नास वर्षं ती हेच करते आहे. समुद्रात द्राक्षांच्या घोसासारखं शेवाळ उगवतं, त्याची नक्षी तिच्या हातची. त्यातले बारीक ठिपके तिच्याइतके गोल कुणाचे पडत नाहीत. पण साखरेच्या आजाराने तिच्या उजव्या डोळ्याचा मागचा पडदा सुजला होता. डावा तर आधीच गेलेला. सरळ रेघ तिला सापासारखी सरकताना दिसे, आणि जिकडे पाहावं तिकडे मधोमध मेण सांडल्यासारखा डाग. कापड अर्धं झालेलं, अर्धं कोरं. चहात चार चमचे साखर मात्र चालूच. साखरेने सुजवलेला डोळा साखरेच्याच डोलीने सावरायचा, असला कारभार.

मला घेऊन आली ती शहरातल्या इस्पितळातली नर्स, निंग्रुम.

"म्बाह, बाकीच्यांना यावर डोळ्यात सुई देतात," ती म्हणाली. "तुम्ही घेत नाही म्हणून ही नव्या औषधाची चाचणी. दिवसातून तीनदा, एकेक थेंब. महिन्याने तपासू. सूज उतरली नाही, तर मग सुईच."

"डोळ्यात सुई? मी तळायच्या माशालासुद्धा डोळ्यात टोचत नाही, पोरी. त्यापेक्षा आंधळी होईन."

"आंधळी झालीस तर ठिपके कोण घालील? मी?" शेजारी बसून मेण लावणारी दार्मी म्हणाली. "माझे ठिपके म्हणजे माशी बसून गेल्यासारखे."

"ते ठाऊक आहे," म्बाह म्हणाली, आणि तिने मला हातात घेतलं.

मित्रांनो, आता पुढचं ऐका. तिने माझं झाकण काढलं, माझं टोक ओठांशी नेलं आणि त्यावर फुंकर मारली. खारवलेला मासा, लसूण, गोड चहा, सगळं त्या एका फुंकरीत होतं. गाळलेल्या हवेत वाढलेली मी! शिसारीने माझं प्लास्टिक आकसलं. एवढ्यावर भागलं नाही. तिने माझं टोक खालच्या पापणीवर चक्क टेकवलं. तिथे सकाळचं चिपड होतं, पिवळं, चिकट. ते माझ्या टोकाला लागलं आणि तिथेच वाळलं. दुपारी पुन्हा फुंकर, पुन्हा चिपड. संध्याकाळी पुन्हा.

का, ते मला चार दिवसांनी कळलं. मेणाने नक्षी काढायची तिची लेखणी तांब्याची असते, तिला बारीक नळीचं टोक असतं. नळीत मेण थिजतं. म्हणून कापडाला लावण्याआधी प्रत्येक बाई त्या नळीत हलकेच फुंकते आणि मग टोक कापडाला लावते. म्बाहच्या हाताला मी तसलीच एक लेखणी वाटले. कारण कळलं, पण किळस गेली नाही. कारण कळल्याने चिपड थोडंच धुतलं जातं?

नवव्या दिवशी कहर झाला. रंगारी कार्सो डोळे चोळत आला. कोपरापर्यंत लाल हात, आणि डोळे हातांहून लाल.

"म्बाह, दोन दिवस डोळे नुसते चिकटताहेत. तुझ्याकडे भारी औषध आलंय म्हणे. दे की एक थेंब."

"अरे, ते मागच्या पडद्याचं आहे."

"मग पुढून मागे जाताना माझं काम करून जाईल. कुठे वाकडी वाट आहे?"

"घे बाबा. थेंबाने काय समुद्र आटतो?"

त्या गल्लीत कुणी काही मागितलं तर नाही म्हणत नाहीत. मीठ, काडेपेटी, सायकल, आणि आता मी. कार्सोच्या पापण्यांत पू होता. त्याने मला त्यात जवळजवळ बुडवलंच. मग शर्टाला पुसून परत केलं. तो शर्ट! आणि संध्याकाळी तेच टोक म्बाहच्या डोळ्याला लागलं. मला ओरडावंसं वाटलं, पण बाटलीला तोंड असतं ते ओतण्यापुरतंच.

बाराव्या दिवशी म्बाहचा डोळा उघडेना. लाल, सुजलेला, पाणी गळणारा. दार्मीने निरोप धाडला आणि निंग्रुम धावत आली. तिने डोळा पाहिला, मग मला उजेडात धरलं. माझ्या पोटात बारीक धागे तरंगत होते. मित्रांनो, तोवर मी जगाची किळस करत होते. त्या घटकेला मला माझी स्वतःची किळस आली. डोल्या मागच्या पडद्याकडे निघाल्या होत्या, आणि त्यांच्याबरोबर मीच घाण धाडत होते.

"कसा थेंब घालता, दाखवा बरं," निंग्रुम म्हणाली. "आत घालू नका, नुसतं दाखवा."

म्बाहने मला घेतलं, फुंकलं, पापणीपाशी नेलं.

"आत्ता काय केलंत?"

"काय केलं? थेंब घालत होते."

"त्याच्या आधी?"

"आधी कुठे काय? काही नाही."

दार्मीला हसू आवरेना. "फुंकलीस की, बाई. मेण अडकलंय वाटलं तुला."

म्बाहने बोटाने माझं टोक चाचपलं. तिला खरंच ठाऊक नव्हतं. हाताने परस्पर केलं होतं. मग हळूच म्हणाली, "कार्सोलाही दिला होता एक."

निंग्रुम रागावली नाही. ते मला जास्त लागलं. तिने माझ्यावरचा चाचणीचा नंबर सोलून वहीत चिकटवला, माझ्या पोटातलं औषध ओतून टाकलं आणि डॉक्टरांना फोन लावला. डोळा निवळेपर्यंत थेंब बंद. मग नव्या बाटलीवर शेवटचा एक महिना. डोळा पुन्हा लाल झाला, तर चाचणीतून नाव बाद, आणि मग सुई नाहीतर अंधार.

"आणि नवी बाटली मी अशी देणार नाही," निंग्रुम म्हणाली. "न फुंकता, न टेकवता थेंब पडायला हवा. दोन बोटं वरून."

मला उकळत्या पाण्यात घातलं. मग साधं पाणी भरून म्बाहच्या हाती दिलं, सरावाला. जुन्या चिंधीवर तिचीच नक्षी होती. त्यातल्या एका ठिपक्यावर वरून नेम धरायचा. पहिल्या दिवशी तिने मला अकरा वेळा फुंकलं. दर खेपेला दार्मी तिच्या मनगटावर चापट मारी. "फुंकलीस." पन्नास वर्षांची सवय, ती का चापटीने जाते? तिकडे डोळ्यातला डाग पसरत होता. एका सकाळी तिला दार्मीचं तोंड दिसेना, नुसते कान दिसले.

"बरं झालं," दार्मी म्हणाली, "कानच तेवढे चांगले आहेत माझे." पण म्हणताना तिने चिंधी पुन्हा म्बाहपुढे सरकवली.

त्या दुपारी म्बाहने डब्यातून एक लवंग काढली आणि ओठांत धरली. ओठ मिटलेले, फुंकर कुठून येणार? मला उचललं. हात ओठांशी आला, थबकला, वर गेला. थेंब सुटला. ठिपक्यावर पडला, बरोबर मधोमध.

दहाव्या दिवशी डोळा निवळला आणि नवी बाटली आली. गोरीगोमटी, गर्विष्ठ, अगदी मी होते तशी. लवंग ओठांत, दोन बोटं वरून एक थेंब, मग डोळा मिटून नाकाशेजारचा कोपरा बोटाने दाबून धरायचा, म्हणजे आसवं औषध पळवत नाहीत. किती वेळ? म्बाहने तिची कामावरची ओवी घेतली. ओठ न उघडता, मनात, चार वेळा:

थेंबामागे थेंब, ठेवू किती गं जपून,
दर्यातली द्राक्षं, येती कापडी फुलून.

कार्सोने पुन्हा एकदा दारात तोंड दाखवलं. म्बाहने त्याला चहा दिला, थेंब दिला नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिने नाही म्हटलं. त्या दिवसापासून तिच्या चहातली साखर चाराची एक झाली.

महिन्याने म्बाह इस्पितळातून तपासून आली ती दारातच उभी राहिली आणि चौकटीवरून बोट फिरवू लागली, वरपासून खालपर्यंत.

"सरळ आहे," ती म्हणाली.

"मग काय वाकडी बसवली होती?" दार्मी म्हणाली. "डॉक्टर काय म्हणाला ते सांग."

"सूज थोडी उतरली. सुई तूर्त नको म्हणाला."

"तूर्त?"

"तूर्त. मला कापडाला तेवढं पुरतं."

तिने मेण तापवलं, लेखणी उचलली, तिच्यात फुंकलं आणि कोऱ्या अर्ध्यावर पहिला ठिपका ठेवला.

मित्रांनो, मी आता मोडक्या लेखण्यांच्या डब्यात राहते, पोटात साधं पाणी घेऊन. दर महिन्याला नवी बाटली उघडायच्या आधी म्बाह मला काढते आणि चिंधीवर एक थेंब पाडून बघते, हात अजून फुंकायला जातो का ते. तुमच्याही घरी माझी कुणी बहीण असेल. तिच्या टोकाला बोट लावू नका, पापणी लावू नका, आणि शेजारी कितीही लाडका असला तरी ती त्याला देऊ नका. तिला फार लांब जायचं असतं.

गेल्या महिन्यात म्बाह लवंग विसरली आणि तिने मला फुंकलं. तोच खारा मासा, तोच लसूण. ईऽऽ, मला अजूनही किळस येते. म्बाह हसली, डब्यातून लवंग काढून ओठांत धरली आणि मग नवीचं झाकण उघडलं. त्या दिवसाची फुंकर माझ्यावर संपली होती.