जावयाला दाखवलेली पिल्लं

दगडाची खाण बंद पडली तसा सुरुंगवाल्याचा धंदाही बसला. पुढे त्याच पडीक खाणीच्या कपारींत ठिपक्यांची रानमांजरं येऊन राहिली. ही जात आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलीय, असं डॉक्टरीणबाई म्हणायच्या. त्या जनावरांच्या डॉक्टर. त्यांनीच सुरुंगवाल्याला राखणदार नेमलं. अट एकच, पिल्लांची जागा कुणाला म्हणजे कुणालाच दाखवायची नाही.

त्यानं ती अशी पाळली, की बायको "अहो, लांबून तरी दाखवा" म्हणत मागे लागली, तेव्हा तिलाही त्यानं वाटेला लावलं.

पण जावयापुढे ती अट टिकली नाही. जावई शहरात मोठ्या हुद्द्यावर. जेवताना तो हसून म्हणाला, "म्हणजे मामा, तुम्ही आता मांजरं सांभाळता?" लेकीनं मान खाली घातली. तिची ती खाली गेलेली मान बापाच्या काळजाला लागली. सकाळी उठून तो जावयाला कपारीपाशी घेऊन गेला. दोन पिल्लं एकमेकांच्या अंगावर लोळत होती. जावई हरखलाच. "मामा, मानलं तुम्हाला!" त्या एका वाक्यावर सासरा दिवसभर हवेत होता.

जावयानं तिथं काढलेला व्हिडिओ कौतुकापोटीच मित्रांना पाठवला. मित्रांनी तो पुढे पाठवला.

रविवारी खाणीत गाड्यांची रीघ लागली. लोक दगडांवर चढले, शिट्ट्या मारल्या, बिस्किटं फेकली. राखणदार ओरडून ओरडून थकला. मांजरीनं एक पिल्लू तोंडात धरून पळवलं. दुसऱ्यासाठी परत यायला तिला वाटच मिळाली नाही. डॉक्टरीणबाईंनी ते बाहेर काढलं तेव्हा त्याचं अंग गार पडलं होतं.

"जागा कुणी दाखवली?" त्यांनी विचारलं.

"शेळीवालाच असणार," कुणीतरी म्हणालं. "रोज इथंच घुटमळतो."

शेळीवाला तिथंच उभा होता. राखणदाराच्या शब्दाखातर त्यानं ही चढण सोडून कळप लांबच्या कुरणात न्यायला सुरुवात केली होती. तो गडबडून म्हणाला, "अरे, सांग ना यांना! मी शेळ्या इकडं आणतो तरी का?"

"मला काय माहीत," राखणदार म्हणाला, आणि पायाखालचे खडे बघत राहिला.

घरी बायकोनं ताट वाढलं. मग म्हणाली, "लेकीनं व्हिडिओ दाखवला. आवाज तुमचाच आहे त्यात. 'हळू बोला, जावईबापू.'"

त्यानं ताट बाजूला सारलं.

"मला नाही दाखवलंत, ते सोडा. पण त्या गरीब माणसावर ढकलून आलात?"

तो तसाच उठला. आधी डॉक्टरीणबाईंकडे गेला, सगळं सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नका."

मग शेळीवाल्याच्या दारात. तिथं दूध घ्यायला बरीच माणसं जमली होती. सगळ्यांसमोर बोलताना शब्द अडखळले, पण जागा आपणच दाखवल्याचं त्यानं सांगितलं. शेळीवाल्यानं दूध काढता काढता ऐकून घेतलं.

"तेव्हाच का नाही बोललास?"

शेळीवाल्यानं मान फिरवली आणि पुढची शेळी ओढून घेतली. राखणदार बराच वेळ दारातच उभा राहिला; आत ये असं कुणी म्हणालं नाही.