नाटकातल्या दाराची कैफियत

मी एक जुना दरवाजा आहे. माझ्यामागे घर नाही, हे आधीच सांगून टाकतो. आत डोकावलात तर अंधार, दोऱ्या, चहाचे कप आणि डायलॉग विसरलेला एखादा नट, एवढंच दिसेल. मी नाटकातला दरवाजा आहे, मित्रांनो.

माझा जन्म नाशिकचा. पुंजा मिस्त्रींनी पिंपळगावच्या द्राक्षांच्या जुन्या पेट्या फोडल्या, त्यांच्या फळ्यांवर प्लायवूड ठोकलं आणि मला एका हौशी नाटकमंडळीच्या हवाली केलं. तेव्हापासून मी काय नाही झालो? तपकिरी रंग लावला की ब्लॉकचा दरवाजा, पांढरा लावला की दवाखाना, हिरवा लावला की खेड्यातलं घर. आधीचा रंग खरवडायचा कंटाळा सगळ्यांनाच, त्यामुळे रंगावर रंग चढत गेला आणि मी नुसता फुगत गेलो. माझ्यावर डोकं टेकून तीन नायिका रडल्या. त्यातली एक आता मालिकेत आहे आणि ओळख दाखवत नाही. एकदा गंगापूर रोडला वेबसिरीजच्या शूटिंगलाही मला नेलं होतं. दिवसभर उन्हात उभा केला आणि पडद्यावर माझी फक्त कडी दिसली, तीही धुरकट.

या सगळ्या वर्षांत मला उचलणारा, उभा करणारा आणि रंगवणारा माणूस एकच, सोमनाथ. तो पिंपळगाव बसवंतला, द्राक्षं भरतात त्या पॅकहाउसमध्ये कामाला. सुट्टी पडली की मोटरसायकलवर नाशिकला यायचा आणि रंगमंचामागे राबायचा. अठ्ठावीस वर्षांत तो प्रेक्षकांना एकदाही दिसला नाही. त्याची बायको भागुबाई एकदा नाटकाला येऊन गेली होती. घरी जाऊन म्हणाली, "नाटकात असता म्हनं तुम्ही. मला तर कुठंबी दिसले नाय." सोमनाथने ही गोष्ट मला खिळे मारता मारता हसत सांगितली होती. पण ती त्याला लागली होती, हे मला कळलं.

गेल्या वर्षी स्पर्धेसाठी एक नाटक बसलं. बारा वर्षं बेपत्ता असलेल्या बापाचं मुलं शेवटी श्राद्ध घालतात. पान वाढलेलं असतं, आणि शेवटच्या प्रवेशात दार उघडून बाप स्वतःच उभा राहतो. त्याला वाक्य एकच: "पान काढू नका, मी जिवंत आहे." बापाचं काम करणाऱ्या गृहस्थांना चार दिवस आधी मुंबईच्या मालिकेत काम मिळालं आणि ते निघून गेले. काम कसलं, तर भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोचं! पण मालिका ती मालिका.

दिग्दर्शिका उज्वलाताई डोक्याला हात लावून बसल्या. मग त्यांचं लक्ष सोमनाथकडे गेलं. "काका, तुम्हीच करा ना. अख्खं नाटक पाठ आहे तुम्हाला."

"मी? आवो ताई, माझी जीभ पिंपळगावची. मी जिवंत हाय, असंच निघंल तोंडातून."

"निघू दे. बापही गावाकडचाच आहे."

चार दिवस सोमनाथ ते वाक्य द्राक्षांच्या घडांना ऐकवत होता म्हणे. भागुबाई पॅकहाउसच्या आठ बायकांना टेम्पोत घालून येणार होती. आता त्याला एकच ओढ लागली होती, बायकोला एकदा तरी आपण दिसावं.

प्रयोग दुपारचा होता. सकाळी सोमनाथ माझ्यासमोर उभा राहिला. ज्या दारातून आपण पहिल्यांदा जाणार ते असं कळकट? त्याने ऑइलपेंटचा डबा उघडला आणि मला कडेकडेने, सांधा न सांधा, अगदी प्रेमाने रंगवलं. अठ्ठावीस वर्षांत अशी चूक त्याने केली नव्हती. प्रयोगाच्या दिवशी दाराच्या कडा रंगवायच्या नसतात, हे इतरांना तोच शिकवायचा. मित्रांनो, मी ओरडणार कशाने?

नारळ फुटला, तिसरी घंटा झाली. बाकीची पात्रं स्वयंपाकघराच्या बाजूने येत-जात होती. मी दीड तास बंद उभा होतो, आणि ओला रंग चौकटीला घट्ट धरून बसला.

शेवटी तो क्षण आला. थोरल्या मुलाचं काम करणारा किशोर म्हणाला, "कोण आहे? दार उघडंच आहे!"

सोमनाथने ढकललं. मी हललो नाही. त्याने खांदा लावला, तरी नाही. इकडून किशोरने कडी धरून असा हिसका दिला की कडी उपटून त्याच्या हातात आली आणि मागचा लाकडी टेका निसटला. मी ज्या भिंतीत आहे ती अख्खी भिंत पुढे, नटांच्या अंगावर झुकली. सोमनाथने मागची पट्टी दोन्ही हातांनी पकडली आणि सगळा भार टाकून मागे रेलला. भिंत थांबली. उज्वलाताई विंगेतून हातवारे करत होत्या, स्वयंपाकघरातून जा, तिकडून जा! त्याने नुसती मान हलवली. सोडलं असतं तर आम्ही सगळे खाली आलो असतो.

किशोर हातातल्या कडीकडे बघत राहिला. मग पानासमोर बसून म्हणाला, "बाबा, तुम्ही आता येणार नाही."

पडदा पडला. टाळ्या थांबेनात. लोक डोळे पुसत होते.

भागुबाई मागे आली तेव्हा सोमनाथ केसांना पांढरी पावडर लावून खोक्यावर बसला होता. "टेम्पो थांबलाय," ती म्हणाली. "बाया इचारून राहिल्या, तुझा नवरा कवा येऊन गेला म्हनून. कुठं व्हते तुम्ही?"

"दारामागं."

तिने त्याचे हात उलटे करून पाहिले. तळव्यांत फळीची कुसळं घुसली होती. ती एकेक काढत बसली. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निकालात नाटक पहिलं आलं. परीक्षकांनी लिहिलं, न उघडणारं दार हीच या प्रयोगाची सर्वांत मोठी ताकद. झालं! अंतिम फेरीसाठी शेवट तोच ठेवायचा ठरला: दार उघडायचं नाही, बाप यायचा नाही.

"काका, राग नाही ना आला?" उज्वलाताईंनी विचारलं. "नाटकासाठीच करतोय आपण."

"नाय ताई. नाटक मोठं." सोमनाथने हातोडी उचलली. "किती खिळे मारू?"

"चार पुरे होतील."

चारही खिळे त्याने सरळ मारले. माझं लाकूड तडकू नये म्हणून हळू हळू मारले. मी काही करू शकलो नाही.

आता नाटकाचे गावोगाव प्रयोग होतात. भिंत पुन्हा झुकू नये म्हणून शेवटच्या प्रवेशात सोमनाथ मागे पट्टी धरून उभा असतो. प्रयोग संपला की लोक रंगमंचावर येतात आणि माझ्यासोबत फोटो काढतात. मित्रांनो, तुम्हीही याल. माझी एवढीच विनवणी आहे. फोटो जरूर काढा, पण नंतर भिंतीला वळसा घालून मागे जा. तिथे एक माणूस हात चोळत उभा असेल. मला हाक मारता येत नाही. तुम्ही त्याला हाताला धरून पुढे आणा.