चाचणीपुरतं

एका दुपारी कॉलरला अस्तर जोडता जोडता मास्तर थबकले. "अहो, चष्मा कपाळावर आहे," हे बायकोचं नेहमीचं वाक्य त्यांना आठवलं होतं, पण आठवलं ते त्यांच्या स्वतःच्याच आवाजात. त्यांनी डोळे मिटून पुन्हा आठवून पाहिलं. शब्द तेच, आवाज मात्र आपलाच, जाडाभरडा. सुई हातातच राहिली.

मास्तर शिंपीकाम शिकवत. पुढे दुकान, मागच्या खोलीत शिकवणी. खोलीत लांबलचक टेबल, भिंतीशी तीन मशिनी आणि आत मोरीत हात धुवायचा नळ. बायकोला, विद्यार्थिनींच्या बाईंना, जाऊन वर्ष उलटलं होतं. घर त्यांनी आवरलं, स्वयंपाक शिकले, एकटं जेवायचीही सवय केली. देवाने दिलं तेवढं पदरात घ्यावं, असा त्यांचा स्वभाव. पण तिचा आवाजही आठवणीतून जाईल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

त्यांनी लेकीला फोन लावला.

"तुझ्या आईचं बोलणं कुठं साठवलेलं असेल का गं?"

"फोनात नाही, बाबा. निरोप बोलून पाठव म्हटलं की ती म्हणायची, भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं."

"आणि ते आपले शिकवणीचे व्हिडिओ?"

"सुट्टीला येते मी," लेक म्हणाली. "आल्यावर बोलू."

ते व्हिडिओ ज्या कॅमेऱ्यावर काढले, तो लेकीनेच आणला होता, नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात. शिकून दूरगावी गेलेल्या विद्यार्थिनी फोन करून बाहीचा मुंढा कसा बेतायचा, बटणाचं काज कसं करायचं विचारत. त्यांच्यासाठी मास्तरांची शिकवणी कॅमेऱ्यात धरायची, अशी तिची कल्पना. मास्तर डाव्या हातात कात्री घेऊन टेबलाशी उभे राहायचे आणि बाई कॅमेऱ्यामागे.

पण कॅमेऱ्याचा एक हट्ट होता. कार्डात जागा कितीही असो, एका दमात अर्ध्या तासाच्या वर चित्रण करायचंच नाही, अशी त्याची घडणच होती. वेळ भरली की गुपचूप बंद. आणि मास्तरांना एकदा बोलायची लय लागली की घड्याळ कुठलं आठवतंय!

"अहो, थांबा. झोपला हा."

"कात्री अर्ध्या कापडात आहे आणि म्हणे थांबा!"

"मग कात्री तिथंच धरा. हलू नका."

मास्तर पुतळ्यासारखे उभे. बाई बटण दाबत आणि मग पुढे येऊन, वाकून, कॅमेऱ्याचा तांबडा दिवा लागलाय का ते बघत. विद्यार्थिनी तोंडावर पदर नि ओढण्या धरून हसत.

एकदा तर अख्खा कोट शिकवून झाला आणि कळलं की कार्ड आधीच भरलेलं होतं, काहीच उतरलं नव्हतं. मास्तर त्या दिवशी जेवताना धुसफुसत राहिले. बाईंनी वाद घातला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून नेम धरला. मास्तर खडूचे हात धुवायला नळाशी गेले की त्या आधी थोडंसं चित्रण करून बघायच्या, मग त्यांना हाक मारायच्या. ती चाचणी एकही दिवस चुकली नाही. कुणी नेमाने देवाचं नाव घेतं, तशी.

सुट्टीच्या दिवशी लेक आली. चहाचा कप तिने तसाच बाजूला सारला.

"बाबा, त्या व्हिडिओंत आई नाहीये. तुकडे जोडताना मी तिचं सगळं बोलणं काढून टाकलं, मूळ तुकडेही ठेवले नाहीत. मधे मधे 'लागला दिवा, लागला दिवा' बरं दिसत नव्हतं."

मास्तरांनी मापाचा टेप गळ्यातून काढून टेबलावर ठेवला.

"शिवण आतली बाहेर दिसू नये, हे मीच शिकवलं ना तुला," ते म्हणाले. "काम चोखच केलंस."

"असं बोलू नका ना. रागवा तरी."

"रागावून ती बोलणारे का? चहा घे, गार होतोय."

"आणि मुळातलं कार्डही आईने पुसलंय. मीच सांगितलं होतं, मी घरी उतरवून घेतलं की मोठे तुकडे तेवढे पुसत जा, म्हणजे पुढच्या धड्याला जागा होईल."

"कॅमेरा काढ तरी."

कॅमेरा बटणांच्या डब्यांमागे होता. बाईंनी उरलेल्या फ्लॅनेलची पिशवी शिवून, वर नाडी ओवून त्यात ठेवलेला. नाडीची गाठ इतकी पक्की की मास्तरांना दात लावावे लागले. "हिच्या गाठी!" ते पुटपुटले. बॅटरी मेलेली होती. ती भरेपर्यंत दोघं टेबलाच्या दोन बाजूंना बसून राहिली. मास्तरांनी चिंध्या निवडायला घेतल्या, लांब एकीकडे, आखूड एकीकडे. लेकीने त्या नकळत पुन्हा एकत्र केल्या, आणि त्यांनी त्या पुन्हा निवडल्या.

कॅमेरा चालू झाला. पडद्याच्या कोपऱ्यात शिल्लक वेळ दिसली. लेकीचे खांदे पडले.

"रिकामं आहे, बाबा. पूर्ण कार्डाची वेळ दाखवतंय, जवळजवळ."

"जवळजवळ म्हणजे?"

"म्हणजे... थोडं काहीतरी असेल. उगाच."

"उगाच तर उगाच. दाब."

तिने बटण दाबलं. पडद्यावर छोटी छोटी चित्रं उमटली. एक ओळ भरली, दुसरी भरली, खाली आणखी होत्या. प्रत्येकात तेच टेबल आणि टेबलामागे कुणीतरी उभं.

"हे छोटे तुकडे मी कधी उघडलेच नव्हते," लेक हळूच म्हणाली. "मला वाटायचं, एवढ्याशात काय असणार. आणि आईला मी मोठे पूस म्हटलं होतं."

"मग तिने मोठेच पुसले," मास्तर म्हणाले. "सांगितल्याबाहेर जाणारी नव्हती ती. पहिलं लाव."

पहिल्यात बाई टेबलामागे आल्या. गळ्यात मास्तरांचा टेप, कपाळावर मास्तरांचा चष्मा. घसा खाकरला, तोही अगदी मास्तरांसारखा, दोनदा. डाव्या हातात कात्री घेऊन त्या भारदस्तपणे म्हणाल्या, "मुलींनो, कापडाला आधी हात, मग कात्री. कापड काही पळून जात नाही. पळालात तर तुम्हीच पळाल."

लेक फिस्सकन हसली. "बाबा, ही तुमची नक्कल करतेय!"

"डाव्या हाताने!" मास्तर पडद्याजवळ वाकले. "साधी भाजी चिरताना हिचा डावा हात चालायचा नाही. बघ, बोटंसुद्धा माझ्यासारखी धरलीयेत. हे कधी शिकली?"

"तुम्ही हात धूत होतात तेव्हा."

चित्रात बाईंनी कात्री ठेवली, चष्मा उतरवला. चालत जवळ आल्या, इतक्या जवळ की चेहरा पडद्यात मावेना. दिव्याकडे डोळे बारीक करून बघितलं. मग मान वळवून, नकलेतला नव्हे, स्वतःच्या आवाजात, शेवट जरा लांबवत हाक मारली, "अहो, याऽ! लागला दिवा!"

मास्तरांनी टेबलाची कड धरली. हाच. थोडा बसका, हाकेच्या टोकाला बारीक होणारा. इतका साधा आवाज होता, आणि तो आपण हरवला होता.

चित्रातल्या नळाचं पाणी वाजलं आणि आतून कुणीतरी ओरडलं, "आलो, आलो! साबण तरी धुऊ दे!" तुकडा संपला.

लेकीने दुसरा लावला. त्यात बाई विद्यार्थिनींची हजेरी घेतल्यासारख्या रिकाम्या खुर्च्यांवर खेकसत होत्या. तिसऱ्यात नुसतं, "आज साहेबांचा मूड बरा आहे, देवाची कृपा," एवढंच कॅमेऱ्याला कानगोष्टीसारखं सांगून हसल्या. एकात त्या थकलेल्या दिसत होत्या. नक्कल केली नाही, टेबलाला टेकून फक्त कापडावरून हात फिरवला. पण शेवटी हाक होतीच. प्रत्येकात होती.

"हे सगळं जोडून देते तुम्हाला, बाबा," लेक डोळे पुसत म्हणाली. "एकापुढे एक."

"जोड. पण कापू नकोस काही. खोकला, नळ, काहीच नाही."

"नाही कापणार."

तिने पुढचा लावला. बाई चष्मा उतरवून जवळ आल्या, दिव्याकडे बघितलं, मान वळवली.

"अहो, याऽ!"

"आलो," मास्तर म्हणाले, चित्रातल्या मास्तरांच्याही आधी.