वच्छलाचा श्वास आणि कुसळीचा पराग

मित्रांनो, काचेची तीन भिंगं, पितळेची नळी आणि उजेड गोळा करणारा एक गोल आरसा, एवढाच माझा संसार. मी जुना सूक्ष्मदर्शक आहे. माणसाच्या डोळ्यांना दिसत नाही ते मी मोठं करून दाखवतो. समुद्रापलीकडच्या कारखान्यात मी घडलो, नागपूरच्या एका महाविद्यालयात वीस वर्षं राबलो आणि १९५३ साली पोंभुर्ण्याजवळच्या एका लहानशा दवाखान्यात आलो. तिथे मन्सूर डॉक्टर रोज सकाळी मला खिडकीपाशी ठेवत. हिवतापाचं रक्त आणि क्षयाचा बेडका तपासणं हे माझं काम.

पुढच्या वर्षी आश्विनात वारलू आपल्या बायकोला, वच्छलाला, गाडीत घालून घेऊन आला. ती जंगलातलं गवत कापून विकायची. आता मात्र चार पावलं चालली तरी तिची छाती वाजत होती. तिला क्षय झाला असं गावानं ठरवून टाकलं होतं. सासू रुखमाबाईनं तिला गोठ्यात निजायला लावलं होतं आणि दोन वर्षांच्या कमळाला तिच्याजवळ जाऊ देत नव्हती.

"मले मरनाचं भेव नाई, डॉक्टरसाहेब," वच्छला धापा टाकत म्हणाली. "पन पोरगी हात पुढं करते आन् मले तिले घेता येत नाई."

डॉक्टरांनी सलग तीन सकाळी तिचा बेडका माझ्याखाली ठेवला. क्षयाचे जंतू रंगवले की लाल काड्यांसारखे दिसतात. मी कोपरान् कोपरा दाखवला. एकही काडी नव्हती.

"हे कधीपासून होतं, बाई?"

"तीन सालं झाली. पोळा झाला का सुरू होते, दिवाळीनंतर आपोआप थांबते. मंग मी डोक्यावर मोळी घेऊन बजारात जाते."

क्षय असा दरवर्षी ठरावीक दिवसांत येऊन आपोआप जात नाही; डॉक्टरांना त्या दिवसांत फुलणाऱ्या गवताचा संशय आला. त्यांनी एका काचपट्टीला तेलाचा हात फिरवला आणि ती दवाखान्यामागच्या कुसळी गवताजवळ टांगली. संध्याकाळी ती माझ्याखाली आली तेव्हा मला गोल, गुळगुळीत कण दिसले, प्रत्येकाला एकच बारीक छिद्र. तो फुलोऱ्यावर आलेल्या कुसळीचा पराग होता.

पण त्रास देणारी वस्तू कणाच्या सालीत असते की पोटात? डॉक्टरांनी कणांवर पाण्याचा थेंब सोडला. कण फुगले, काही छिद्रापाशी फुटले आणि आतली बारीक रवाळ वस्तू बाहेर सांडली. ते कितीतरी वेळ माझ्यावर वाकून होते. मग त्यांनी पराग मिठाच्या पाण्यात भिजवून गाळला. एका कुपीत ते पाणी, दुसरीत पुन्हा पुन्हा धुतलेल्या रिकाम्या साली. दोन्हींचा एकेक थेंब आधी स्वतःच्या हातावर टाकून त्यावर सुईनं ओरखडा काढून पाहिला. काही झालं नाही.

औषधानं वच्छलाचा श्वास मोकळा झाल्यावर ते तिला म्हणाले, "आता तुमच्या हातावर पाहायचं आहे. खाजेल, सुजेल. दम दाटला तर सुई भरून ठेवली आहे. नको म्हणालात तरी माझा राग नाही."

वच्छलानं बांगड्या वर सरकवल्या. "करा. खाजीले कोन भेते?"

पाव तासात पाण्याच्या ओरखड्यावर बोराएवढी गांध उठली. सालीच्या ओरखड्यावर जवळजवळ काहीच नव्हतं.

डॉक्टरांनी वारलूला आणि रुखमाबाईला बोलावलं. रुखमाबाई कमळाला कडेवर घेऊन दारातच उभी राहिली. डॉक्टर म्हणाले, "हा क्षय नाही. या परागाच्या पोटात एक प्रथिन असतं. ओलावा लागला की ते सुटतं. तुम्हाआम्हाला त्याचं काही होत नाही, हिच्या शरीराला मात्र ते सोसत नाही. हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही."

"मले कसं समजन?" रुखमाबाईनं विचारलं.

डॉक्टरांनी आधी दुसऱ्या एका रोग्याची पट्टी माझ्याखाली ठेवली. रुखमाबाई एक डोळा मिटून वाकली. "लाल लाल काड्या हायेत."

मग वच्छलाची पट्टी. म्हातारी बराच वेळ वाकून राहिली. माझ्या भिंगावर तिचा श्वास साचला.

"हिच्यात तं काईच नाई," ती हळूच म्हणाली. "आन् म्या सुनेले गोठ्यात निजवलं."

तिनं कमळाला वच्छलाच्या मांडीवर ठेवलं आणि पदर तोंडाला लावला. कमळा आधी बावरली, मग तिनं आईच्या गळ्याला मिठी मारली. मित्रांनो, आयुष्यात मी पुष्कळ पाहिलं, पण त्या दिवशी जे पाहिलं ते भिंगाशिवाय.

वच्छला पुरती बरी झाली असं नाही. कुसळी फुलोऱ्यावर आली की तिची छाती थोडी दाटायचीच, गोळ्या घ्याव्या लागायच्या. पण फुलोऱ्याच्या दिवसांत तिनं विळा ठेवला आणि ती घरी बसून बांबूच्या टोपल्या विणू लागली.

एक गोष्ट मला साधली नाही. ते प्रथिन कणाच्या पोटात नेमकं कुठं बसलेलं असतं, हे डॉक्टर मला वर्षभर विचारत राहिले. ते इतकं सूक्ष्म, की माझ्या काचांना दिसेना. त्यांनी वहीत लिहिलं, 'आत आहे, हे नक्की. कुठं, ते ठाऊक नाही.' मला त्या ओळीचं वाईट वाटलं, आणि अभिमानही. जेवढं पाहिलं तेवढंच त्यांनी लिहिलं होतं.

१९५७ साली डॉक्टरांची बदली झाली. नवं यंत्र आलं आणि मी कपाटात गेलो. आता माझे स्क्रू गंजले आहेत. मित्रांनो, माझ्यासारखं जुनं यंत्र दिसलं तर मऊ कापडानं पुसा, कोरड्या जागी ठेवा. आणि कुणी खोकताना, धापा टाकताना दिसलं, तर त्याच्यापासून दूर सरण्याआधी त्याला एकदा तपासायला न्या. कुणीतरी नीट वाकून पाहीपर्यंत त्याच्याबद्दल काहीच ठरवू नका.