हातभर अंतर

वाल्मिक ठोंबरे यांना गावात शेतकी साहेब म्हणत. हे नाव त्यांनी स्वतःहून घेतलं नव्हतं, पण लोकांनी दिलं तेव्हा परतही केलं नव्हतं. एकतीस वर्षं ते शेतकी खात्यात होते, हे खरं होतं. ते आवक-जावकच्या टेबलावर होते, हेही खरंच होतं, पण ते कोणी विचारलं नव्हतं. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, वहीत नोंद करायची आणि घडीपत्रिकांचे गठ्ठे सुतळीनं बांधून तालुक्यांना पाठवायचे, हे त्यांचं काम. भुईमूग, नाचणी, आंब्यावरचा तुडतुडा, शेळीपालन. एवढी शेती ज्याच्या हाताखालून गेली तो शेतीतला माणूस नव्हे असं कसं म्हणायचं, असं हळूहळू त्यांना स्वतःलाच वाटू लागलं होतं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी शेलूला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. त्यांचं मूळ गाव तिथून नेरळच्या पलीकडे, कालव्याच्या काठाला. तिथं त्यांची वहिनी सोनाबाई एकटी शेती करत होती. थोरला भाऊ जाऊन सहा वर्षं झाली होती. वाल्मिकराव दर सोमवारी स्कूटरवरून यायचे, बांधावर उभे राहायचे, मातीचं ढेकूळ उचलून दोन बोटांत चुरायचे आणि "हं" म्हणायचे. त्या "हं"चा गावात चांगलाच दबदबा होता.

भात निघालं की सोनाबाई कालव्याच्या पाण्यावर भुईमूग लावायची. तिचं बी माहेरचं, लोधिवलीचं. पसरी जात. झाड वर वाढत नाही, जमिनीवर हातपाय पसरून झोपतं आणि फांदीच्या पेरापेरातून खाली आऱ्या सोडतं. आरी म्हणजे फूल गळलं की निघणारी सुई. ती मातीत शिरली तर शेंग, नाही शिरली तर काही नाही. लोधिवलीत आता हे बी कोणाकडे उरलं नव्हतं. भुईमुगाच्या खाचरांवर गोदामं उभी राहिली होती. जे होतं ते सोनाबाईच्या घरात, दोन मडक्यांत, राखेत. एक मडकं पेरायचं. दुसरं मागचं. पीक बुडालं तर असावं म्हणून ठेवलेलं. दर वर्षी नवं बी आलं की मागचं बदलायचं, पण मडकं रिकामं करायचं नाही. तिच्या आईनंही केलं नव्हतं.

त्या डिसेंबरात टोकणीला वाल्मिकराव हजर झाले ते नायलॉनची दोरी घेऊन. दोरीला दर दहा सेंटिमीटरवर लाल गाठ होती. खिशात भुईमुगाची घडीपत्रिका होती.

सावडीला अकरा माणसं आली होती. आज माझ्या शेतात तुम्ही, उद्या तुमच्या शेतात मी, अशी ही सावड. तिचा एक अलिखित रिवाज आहे. ज्याचं शेत त्याच्या घरचा माणूस सांगेल तसं करायचं, परक्यानं मध्ये बोलायचं नाही.

सोनाबाईनं पहिल्या ओळीपासून कोपर ते बोटं असा हात जमिनीवर ठेवला आणि दुसरी ओळ दाखवली.

"वहिनी, हे काय?"

"हातभर. आई असंच लावायची."

"फार झालं. शास्त्र सांगतं, दोन ओळींत तीस सेंटिमीटर. म्हणजे एक वीत आणि चार बोटं. दोन झाडांत दहा सेंटिमीटर. जागा मोकळी ठेवली की उत्पन्न घटतं."

"भावजी, ही पसरते. हिला अंग टाकायला जागा लागते."

"माणसांनाही पूर्वी जागा लागायची. आता शेलूत बघा, कशी राहतात."

हे आपण छान बोललो असं त्यांना वाटलं. सोनाबाईनं सावडीकडं पाहिलं. हिरामण नावाचा तिचा शेजारी, जो जन्मभर भुईमूग लावत आला होता, तो त्या वेळी आभाळाकडं बघत होता. आभाळात काही नव्हतं.

दोरीचं एक टोक वाल्मिकरावांनी धरलं, दुसरं हिरामणच्या हातात दिलं. अर्धं शेत झालं आणि मडकं संपलं. दाट लावलं की बी जास्त लागतं, हा हिशोब घडीपत्रिकेत होता, पण तो वाल्मिकरावांनी मडक्याशी ताडून पाहिला नव्हता.

"राहू दे उरलेलं रान. वाल टाकते," सोनाबाई म्हणाली.

"मागचं मडकं आहे ना?"

"ते मागचं हाय, भावजी."

"अहो, चार महिन्यांत दोन मडक्यांची सहा होतील. माझा शब्द."

ती घरी गेली आणि मागचं मडकं घेऊन आली. सावडीतल्या जयवंताबाईनं पदर तोंडाला लावला. ती हसत नव्हती.

फेब्रुवारीत शेत हिरवंगार दिसत होतं. माती दिसतच नव्हती. वाल्मिकराव सोमवारी येऊन "हं" म्हणायचे, आणि रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. एका रविवारी शेलूच्या बाल्कनीत चहा घेताना त्यांनी घडीपत्रिका काढली. पुढच्या खेपेला गावात सांगायला चार आकडे पाठ करावेत एवढाच हेतू होता. ती तीन घड्यांची होती. त्यांनी ती आजवर एकाच घडीपर्यंत वाचली होती. टेबलावर गठ्ठ्यात वर तेवढंच दिसायचं. त्या दिवशी त्यांनी दुसरी घडी उघडली.

वर लिहिलेलं अंतर उपट्या जातींसाठी आहे, असं तिथं होतं. उपटी झाडं ताठ वाढतात, शेंगा बुडाशी झुबक्यानं धरतात, म्हणून दाट चालतात. पसऱ्या जातींसाठी दोन ओळींत पंचेचाळीस सेंटिमीटर ठेवावेत. नाहीतर झाडं एकमेकांवर चढतात, फांद्या अधांतरी राहतात आणि आऱ्या मातीपर्यंत पोचत नाहीत.

वाल्मिकरावांनी आपलं कोपर ते बोटं टेबलावर ठेवलं आणि पट्टी लावून मोजलं. साडेपंचेचाळीस भरलं.

चहा निवला. असे कागद त्यांनी हजारांनी पाठवले होते आणि त्यातला एकही पुरता उघडला नव्हता, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. बायकोनं विचारलं, "काय झालं?" ते म्हणाले, "काही नाही, छपाई बारीक आहे."

दुसऱ्या दिवशी सोमवार. स्कूटरवर सबंध रस्ता त्यांनी वाक्य जुळवलं. वहिनी, थोडी गफलत झाली. वहिनी, मूळ पत्रिकेत एक खुलासा आहे. शेताशी पोचले तर सोनाबाई वाकून फांदी उचलून बघत होती. फांदीखाली आऱ्या लोंबत होत्या, हवेत.

"भावजी, अजून येळ हाय," ती म्हणाली. "एकाआड एक ओळ काढू का? उरल्यात त्या तरी पसरतील."

याहून सोपी वाट कोणी कोणाला करून देणार नाही. त्यांनी फक्त "काढा" म्हणायचं होतं. पण पलीकडच्या बांधावर हिरामण आणि आणखी दोघं उभे होते, आणि ते या बाजूलाच बघत होते.

"नको," वाल्मिकराव म्हणाले. "शास्त्रात बसत नाही."

"तुमी म्हनाल तसं."

मग मात्र त्यांनी पत्रिकेची तिसरी घडी उघडली. तिथं उपाय होता. पिकावरून रिकामा ड्रम फिरवला की फांद्या दबतात आणि आऱ्या मातीत जातात. त्यांनी नेरळहून ड्रम आणला आणि स्वतः ढकलला. पँट दुमडून, टोपी घालून, चार सकाळी. ड्रम पुढं गेला की झाडं मागं पुन्हा उभी राहायची, कारण त्यांना पडायला जागाच नव्हती. गावातली माणसं बांधावर बसून बघायची. खाली दमट राहून पानांवर टिक्का रोगाचे काळे डाग आले. मार्चपासून वाल्मिकरावांनी सोमवारी येणं कमी केलं. गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. नंतर तो खरंच दुखू लागला, याचं त्यांना जरा बरंच वाटलं.

एप्रिलच्या शेवटी काढणी निघाली. काढणीला न येणं शक्य नव्हतं.

तीच सावड होती. बांधावर अबूबकरभाई टेंपो लावून उभा होता. नेरळ स्टेशनाबाहेर त्याची उकडलेल्या शेंगांची गाडी होती, आणि दर वर्षी पहिलं पोतं तो सोनाबाईकडूनच न्यायचा. शेंग बारीक पण गोड, गिऱ्हाईक मागून घेतं, म्हणायचा.

हिरामणनं कुदळीनं पहिलं झाड खणून वर काढलं आणि झटकलं. बुडाशी चार शेंगा होत्या. फांद्यांना वाळलेल्या आऱ्या होत्या, काळ्या, दाभणासारख्या. त्यानं दुसरं काढलं. तीन. तिसऱ्याला पाच, त्यातल्या दोन पोचट. पुढं कोणी मोजलं नाही.

"हे काय झालं, सोनाबाई?" अबूबकरनं विचारलं. "पाला तर हत्तीला पुरेल."

वाल्मिकराव तोंड उघडणार होते. निदान पुढं त्यांनी स्वतःची अशी समजूत घातली. पण सोनाबाई आधी बोलली.

"माजंच चुकलं रं भाऊ. मी दाट लावलं. भावजी सांगत व्हते पातळ लावा, मी आयकलं नाय. हाव सुटली."

ती हे खाली बघून, शेंग तोडता तोडता म्हणाली. अकरा माणसांनी त्या दोरीवर आपल्या हातानं बी टोकलेलं होतं. त्यातलं एकही माणूस हसलं नाही. सगळे आपापल्या झाडाच्या शेंगा फार बारकाईनं तोडू लागले.

"साहेबांचं ऐकायचं होतं ना," अबूबकर भाबडेपणानं म्हणाला. "घरात एवढा जाणकार माणूस."

आणि वाल्मिकरावांनी मान हलवली. होकारार्थी. मान हलली आणि मग त्यांना कळलं की ती आपलीच होती.

भाकरीच्या वेळेला ते नुसते तुकडे मोडत बसले. जयवंताबाईनं त्यांच्यापुढं सुकटीची चटणी सरकवली. "खावा सायेब. गुडगा दुखतो नव्हं तुमचा," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा होता का, हे त्यांना समजेना, आणि नसावा अशी शंका आल्यावर जास्तच वाईट वाटलं.

अबूबकर अर्धं पोतं टेंपोत टाकून निघायला लागला तेव्हा ते उठले.

"अबूबकरभाई, थांबा जरा. दोरी माझी होती."

"कसली दोरी?"

"वीत आणि चार बोटं मी सांगितलं. वहिनी हातभर म्हणत होती."

अबूबकरनं सोनाबाईकडं पाहिलं, मग टेंपोच्या टायरकडं पाहिलं. हिरामण म्हणाला, "सायेब, आमाला ठाव हाय. दुसरं टोक माज्याच हातात व्हतं."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"सावडीत आलो व्हतो. आनि तुमी शेतकीतले. आमी म्हनलं, नवीन कायतरी निघालं आसंल."

सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं तर. इथंच थांबलं असतं तर वाल्मिकराव हलके होऊन घरी गेले असते. पण खरी गोष्ट पुढची होती आणि ती कोणालाच ठाऊक नव्हती.

"मी शेतकीत नव्हतो," ते म्हणाले. "म्हणजे होतो. शिक्के मारायला होतो. आणि वहिनी, तुम्ही ओळी काढू का विचारलंत ना, त्याच्या आदल्या दिवशी मी सगळं वाचलं होतं. मला माहीत होतं."

सोनाबाईचे हात थांबले. भाकरीची वेळ सोडली तर सकाळपासून ते पहिल्यांदाच थांबले होते.

"आदल्या दिशी?"

"हो."

"मंग नको का म्हनालात?"

"लाज वाटली. ही माणसं बघत होती."

"आनि आता?"

"आता जास्त वाटते."

सावडीनं पाठ फिरवली, जेवढी फिरवता येते तेवढी. मग सोनाबाई म्हणाली, "शेंगांचं काय नाय हो. एक वरीस नाय खाल्ल्या. मागचं मडकं मी कोनाला देत नसते. तुमच्या भावालाबी दिलं नव्हतं, त्यांनी एकदा मागितलं तवा. तुमी शब्द दिलात म्हनून दिलं."

संध्याकाळी ती शेंगा निवडायला बसली तेव्हा कळलं की पुढच्या वर्षी पेरायला म्हणून ठेवावं असं भरीव, अखंड बी एक ओंजळ निघतंय. बाकी सुरकुतलेलं. एका ओंजळीत जात टिकत नाही.

"पसरीच्या शेंगा खनताना तुटून मातीत राहत्यात," ती कोणाकडं न बघता म्हणाली. "उपटी आसती तर झुबक्यानं वर आली आसती. आनि हिचं बी झोपाळू. पानी लागलं तरी लगेच उगवत नाय. मातीत हाय आजून थोडं."

दुसऱ्या दिवशी वाल्मिकराव खुरपं घेऊन आले आणि सरवा वेचायला बसले. दुसऱ्याच्या काढलेल्या शेतात उरलंसुरलं वेचणं हे गावात म्हाताऱ्या बायकांचं काम. ते ओळीच्या एका टोकाला गुडघे टेकत आणि माती बोटांनी चाळत पुढं सरकत. रस्ता शेताला लागूनच होता. पहिल्या दिवशी स्कूटर, दूधवाला, शाळेची व्हॅन असं सगळंच त्यांना बघून हळू झालं.

"सायेब, वेचताना अंतर किती ठेवताय?" जयवंताबाईनं बांधावरून विचारलं.

"हातभर," ते म्हणाले.

"बराबर हाय." ती गेली.

आठ दिवस हे चाललं. त्यांना आता कोणी शेतकी साहेब म्हणत नव्हतं. त्यांचं नाव वाल्मिक आहे हे बऱ्याच जणांना नव्यानं आठवलं होतं. दुपारी ते टोपलीतल्या शेंगा पडवीत सोनाबाईपुढं ओतायचे. ती एकेक शेंग कानाशी नेऊन हलवायची. खुळखुळली की बाजूला फेकायची. पहिले दोन दिवस निम्म्याहून जास्त बाजूला गेल्या. ते समोर बसून बघायचे. शाळेत पेपर तपासून घेताना बसावं तसे. ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची. चहा मात्र द्यायची. पूर्वी कपबशीत द्यायची, आता स्वतःसारखाच पेल्यात.

नवव्या दिवशी बी मडक्याच्या गळ्याच्या खाली चार बोटं आलं होतं. एकाच मडक्याच्या. दुसरं उपडं ठेवलेलं होतं, आणि ते भरायला निदान दोन वर्षं लागणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. वाल्मिकरावांच्या नखांत माती गेली होती. हात धुऊन झाले तरी ती निघत नव्हती. ते पायरीवर बसले. मे लागला होता, उन्हं चढली होती.

"झालं बहुतेक, वहिनी," ते म्हणाले.

तिनं मडक्यात हात घालून राख वरखाली केली, मग झाकण ठेवलं.

"कालव्याकडचा कोपरा ऱ्हायला," ती म्हणाली.

"तिथं माती फार कडक आहे."

"हाय."

वाल्मिकरावांनी खुरपं उचललं आणि टोपी शोधू लागले. ती सापडेना. तसेच उघड्या डोक्यानं उतरले आणि रस्त्याच्या कडेकडेनं, येणाराजाणारा दिसत असताना, कोपऱ्याकडं निघाले.