डावी बाजू

"थांब, थांब." शेषरावांनी पेटीच्या भात्यावरचा हात काढला. "मित्रा, सूर चढून राहिला तुहा."

ढोलकी थांबली. कोरसला बसलेल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. संघमित्राचा सूर हलला, असं सुपेल्याच्या विहारामागच्या त्या हॉलमध्ये आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

"काका, पेटीच बिघडली वाटते," ती म्हणाली. "डबल वाजून राहिली."

"डबल म्हनजे?"

"म्हनजे एक पट्टी दाबली का दोन सूर निघून राहिले. एक बराबर हाय, दुसरा थोडासा वरतं."

शेषरावांनी काळी पाच दाबून धरली. सूर लांब आणि सरळ निघाला. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं, मग कोरसच्या पंचफुलाबाईंकडे पाहिलं.

"मले तं एकच ऐकू येते," पंचफुलाबाई म्हणाल्या. "थकली वं पोरी तू. बोर्डाचे पेपर झाले का लागलीच तालमी."

संघमित्राने गाणं पुन्हा पहिल्यापासून धरलं. या वेळी तिने पेटी ऐकलीच नाही. ढोलकीवाल्याच्या बोटांकडे बघत, गळ्याला जिथे सवय होती तिथे सूर ठेवत गेली. रमाईवरचं गाणं होतं, तिने कितीदा तरी गायलेलं. संपल्यावर शेषराव म्हणाले, "हां, आता जमलं." तिने मान हलवली आणि पाणी प्यायला उठली.

शेषराव रेल्वेतून रिटायर झालेले. चौदा एप्रिलच्या आसपास त्यांच्या भीमगीतांच्या पार्टीला दुर्ग, राजनांदगाव, पार गोंदियापर्यंतची बोलावणी असत. संघमित्रा शाळकरी असतानाच आईसोबत कोरसला येऊन बसली होती. एकदा मुख्य गाणारीचा घसा बसला म्हणून तिला पुढच्या माइकवर ढकललं, ती तिथेच राहिली. आता तिची बारावी झाली होती. ती गाते हे वस्तीत सगळ्यांना माहीत होतं. ती ऐकते किती, हे मात्र कोणाला माहीत नव्हतं.

कानात इअरफोन घालून ती एकच गाणं पुन्हापुन्हा लावायची. एकदा फक्त शब्द ऐकायचे. मग शब्द सोडून खालचा ठेका. मग मागे कुठेतरी वाजणारी व्हायोलिनं. नवरात्रात बाजूच्या गल्लीतून येणारं देवीचं जसगीत, सेक्टरमधल्या चर्चचा कॉयर, लग्नाच्या वरातीतला धुमाल बँड, सगळं ती असंच उकलून ऐकायची. एका गाण्यात डाव्या कानात दोनच वेळा बासरी यायची, तीही अर्धवट. ती सापडली त्या दिवशी ती भाजी आणायला गेली आणि रिकामी पिशवी घेऊन परत आली. आई, सुजाता, रागावली आणि मग हसली.

या ऐकण्याला घरात एक कारणही होतं. घरातली सगळी माणसं ओरडून बोलायची. आजोबा, चंपत, भंडाऱ्याहून इथल्या पोलादाच्या प्लांटच्या कामावर आले आणि इथलेच झाले. वडिलांना, प्रफुलला, प्लांटमध्ये नोकरी मिळाली नाही. ते हथखोजच्या एका लहान कारखान्यात तापलेल्या लोखंडावर घण पडतो त्या खात्यात लागले. कान हळूहळू गेले. टीव्ही मोठा, बोलणं मोठं, साधं "चहा घ्या"सुद्धा भांडल्यासारखं. काहीही विचारलं की प्रफुल "हो हो" म्हणायचे. एकदा मैत्रिणी घरी असताना संघमित्रा त्यांच्याकडे पाठ करून म्हणाली होती, "बाबा, मी फेल झाली." ते म्हणाले, "हो हो, लय चांगलं." मैत्रिणी उशीत तोंड खुपसून हसल्या होत्या. तीही हसली होती.

तिचा कान बंद झाला तो त्या तालमीच्या आधी, केस धुतले त्या सकाळी. डाव्या कानात पाणी गेल्यासारखं वाटलं. तिने डोकं झटकलं, एका पायावर उड्या मारल्या. पाणी निघालं नाही. दुपारपर्यंत आत बारीक सूं सुरू झालं.

"मैल अशीन," सुजाता म्हणाली आणि कोमट तेलाचे थेंब टाकले. मेडिकलवाल्याने कसलंसं औषध दिलं. तेही टाकलं.

"दवाखान्यात जाऊ का?"

"नाई ना मम्मी. प्रोग्रॅम होऊन जाऊ दे पहले. कुछ नहीं है."

मग पेटी दोन सुरांत वाजू लागली. आणि मग फक्त पेटीच नाही, मोबाईलची रिंग, कुकरची शिट्टी, शेजारच्या बाळाचं रडणं, सगळ्याला एक वाकडी सावली आली. तिने हे कोणाला सांगितलं नाही. सांगायचं तरी काय, हे तिला कळत नव्हतं.

जयंतीच्या कार्यक्रमाला मैदान भरलं होतं. निळे झेंडे, निळे फेटे, कडेला भज्यांच्या गाड्या. स्टेजवर चढण्याआधी तिने डाव्या कानात कापूस कोंबला आणि गाताना वरून तळहात दाबून धरला. सावली थोडी मागे हटली. उरलेल्या एका कानाने तिने पेटी पकडली आणि सोडली नाही. प्रत्येक सूर बरोबर जागी पडला. रमाईच्या गाण्याला पुढे बसलेल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. एरवी तिथे तिचाही गळा भरून यायचा आणि तो आवरून पुढची ओळ घ्यावी लागायची. त्या संध्याकाळी आवरायला काही नव्हतं. ती पुढची ओळ घेत गेली, एवढंच.

खाली उतरल्यावर एक म्हातारे गृहस्थ मुद्दाम भेटायला आले. "कानावर हात ठेवून गायली बाप्पा, जुन्या गवयावानी. कोनापाशी शिकली?"

"जय भीम," ती म्हणाली. त्यांनी काय विचारलं ते तिला पूर्ण ऐकू आलं नव्हतं.

सगळे कार्यक्रम संपल्यावर सुजाता तिला सिविक सेंटरच्या कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी बॅटरीचा उजेड टाकून दोन्ही कान पाहिले.

"इसमें मैल तो है ही नहीं. कब से है?"

संघमित्राने सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "टेस्ट करा लो पहले."

टेस्टची खोली म्हणजे काचेची खिडकी असलेलं एक कपाट होतं. आतून भिंतींना फोम. दार लागलं तशी रस्त्याची, पंख्याची, माणसांची सगळी हालचाल संपली. इतकी शांतता तिने कधी ऐकली नव्हती. डोक्यावर जाड हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. आधी उजवा कान. लांबून एक बारीक सूर आला, कशाचाही न मिसळलेला. मग त्याच्या वरचा. मग त्याहून वरचा. ती मनात पट्ट्या लावत बटण दाबत गेली. इतके सुटे, स्वच्छ सूर. कितीतरी दिवसांनी तिला बरं वाटत होतं.

मग काही वेळ काहीच आलं नाही. मशीन बंद पडलं असेल असं समजून ती बसून राहिली. उगाच बटण दाबू नकोस असं सांगितलं होतं, म्हणून बोट उचलून धरलं. शेवटी तिने काचेतून बाहेर पाहिलं. टेक्निशियनताई मान खाली घालून बटणं फिरवत होत्या. एक झालं की कागदावर खूण, मग दुसरं. थांबल्या नव्हत्या. डाव्या कानाची टेस्ट चालू होती.

"नस का मामला है," डॉक्टर म्हणाले. "किसी को भी हो जाता है, कारण पता नहीं चलता. शुरू के दिनों में दवा लग जाए तो चान्स रहता है. अब गोली देता हूँ, लेकिन उम्मीद मत रखना. दायाँ कान अच्छा है, उसको संभालो."

परतताना ऑटोमध्ये सुजाता रडली. "मीच तेल टाकत बसली वं माय. मले कावून नाई समजलं?" संघमित्रा तिच्या उजव्या बाजूला बसली होती. आईचं रडणं तिला बंद दारामागून आल्यासारखं वाटत होतं. तिने आईचा हात धरला. धरायला हवा म्हणून धरला.

गोळ्या संपल्या. कान तसाच राहिला.

प्रफुलना सुजाताने हातवारे करून सांगितलं. पोरीकडे बोट, मग कानाकडे, मग हात उलटा. त्यांनी दोनदा विचारलं, "कोनचा? डावा?" मग ते अंगणात जाऊन बसले आणि जेवायला बोलावेपर्यंत आत आले नाहीत.

सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यांनी तिला समोर बसवलं. नेहमीप्रमाणे मोठ्याने नाही, हळू बोलत होते. स्वतःचा आवाज किती आहे याचा त्यांना अंदाज नसे, म्हणून मध्येमध्ये तो अगदीच विझायचा.

"कुठं बी गेली का डाव्या आंगाले भिंत पाहाची. भिंतीपाशी बसाचं. मंग तिकडून कोनी बोलत नाई."

ती ऐकत होती.

"लोकायच्या तोंडाकडं पाहाचं. मिशीवाल्याचं समजत नाई, त्याच्याकडं नोको लक्ष देऊ." ते किंचित हसले. "हॉटेलात पंख्याखाली नाई बसाचं. आन समजलं नाई तं हो नोको म्हनू. पुन्हा इचाराचं. लोकं वैतागते. वैतागू दे. पन हो नोको म्हनू."

"तुमी तं म्हनता," ती म्हणाली.

त्यांनी तिच्या ओठांकडे पाहिलं. त्यांना समजलं होतं.

"म्हनूनच सांगून राहिलो," ते म्हणाले. "हो म्हनत गेलं का लोकं इचारनं बंद करते. मंग घरातले बी."

तिला त्या मैत्रिणी आठवल्या, ती उशी. ते आपल्याला लागलं पाहिजे हे तिला कळत होतं. तिने वाट पाहिली. काही लागलं नाही.

उन्हाळा वाढला. वर्गातली मुलं कॉलेजांच्या गोष्टी करत होती. तिने मोबाईलच्या सेटिंगमध्ये शोधून दोन्ही बाजूंचा आवाज एकाच कानात येईल असं केलं. ती बासरीही आली, उजवीकडे, बाकी सगळ्यांच्या गर्दीत. तिने गाणं शेवटपर्यंत ऐकलं. शब्द, ठेका, व्हायोलिनं, सगळं होतं. पूर्वी गाण्याला खोली असायची, आत जाऊन फिरता यायचं. आता ते कॅलेंडरसारखं भिंतीला लागून होतं. तिने इअरफोन काढून टेबलावर ठेवले. दुसऱ्या दिवशी ते तिथेच होते.

तालमीला ती गेली नाही. मग शेषराव घरी आले. चहा झाला. ते बराच वेळ प्लांटकडून येणाऱ्या नळाच्या पाण्याविषयी, गोंदियाच्या गाडीविषयी बोलले. उठताना म्हणाले, "पौर्णिमेले विहारात सकाळचा कार्यक्रम हाय. कोरसले बस. सामने नोको गाऊ."

"मले तुमचा सूर नाई सापडला तं?"

"तं गप बसजो. बसाले का सूर लागते?"

ती हो म्हणाली. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

बुद्धपौर्णिमेच्या सकाळी विहार पांढऱ्या साड्यांनी भरलं होतं. संघमित्रा कोरसमध्ये भिंतीला डावा खांदा टेकून बसली. वंदना झाली. मग पुढच्या माइकवर पंचफुलाबाई बसल्या आणि त्यांनी रमाईचं गाणं धरलं. त्यांचा आवाज भरड होता, वरच्या सुराला फाटायचा. दुसऱ्या कडव्याला त्या ताल चुकल्या आणि ढोलकीवाल्याने त्यांना सांभाळून घेतलं. आपल्याला हेवा वाटेल, रडू येईल, असं संघमित्राला आधी वाटलं होतं. तसं काही झालं नाही. कोरसची ओळ आली तेव्हा तिने तोंड उघडलं आणि गायली. बायकांच्या आवाजात तिचा आवाज मिसळून गेला. तो बरोबर होता की चढला होता, हे तिचं तिलाच कळलं नाही. शेजारची बाई तिच्याकडे वळून पाहत नव्हती, म्हणजे बरोबर असावा. ओळ पुन्हा आली. ती पुन्हा गायली.

खीर वाटून झाली. सुजाता भांडी आवरायला मागे थांबली, म्हणून संघमित्रा वडिलांसोबत निघाली. ऊन चढलं होतं. सुपेल्याचा बाजार नुकता उघडत होता. दुकानदार शटर वर करून दारात पाणी मारत होते. त्यांनी चौक ओलांडला आणि आतल्या रस्त्याला लागले.

प्रफुल तिच्या उजवीकडून चालत होते. "पंचफुलाबाईनं बरं म्हटलं ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ऐकू आलं नव्हतं. त्यांचाही उजवाच कान थोडासा शाबूत होता आणि ती त्यांच्या डावीकडे होती. ती मोठ्याने म्हणाली, "हो, बरं म्हटलं." तरी ते तिच्या तोंडाकडेच बघत राहिले आणि समोरून येणाऱ्या सायकलवर आदळता आदळता वाचले.

मग ते थांबले. काय होतंय ते दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. दोघांना एकमेकांचं ऐकू यावं असं चालायला जागाच नव्हती. जो उजवीकडे चालेल त्याचं दुसऱ्याला ऐकू येणार, आणि त्याला स्वतःला काहीच येणार नाही.

"हे तं लयच झालं," प्रफुल म्हणाले.

ते तिच्या मागून वळसा घालून डावीकडे आले. टोपी सारखी केली, उजवा कान तिच्या बाजूला केला आणि चालू लागले. आता ते काही विचारणार नव्हते. विचारून तिला कळणार नव्हतं. सांगायचं तर तिनेच सांगायचं.

तिच्याजवळ सांगण्यासारखं काही नव्हतं. रस्त्यावर दोघांच्या चपला वाजत होत्या, त्यातल्या एका जोडीचा आवाज तिला येत होता. गल्ली आली, हातपंप गेला, घराचं फाटक दिसू लागलं. प्रफुल मान किंचित तिच्याकडे कलती ठेवून, डावीकडूनच चालत राहिले.